कोरडी ठेवलेली रोपं

वनस्पतिशास्त्रवालीचं डोकं चक्रावलं होतं. पाण्यावाचून रोप किती तग धरतं, हा तिचा ऑनर्सचा प्रकल्प. पण प्रयोगशाळेच्या खिडकीतली कोरडी ठेवलेली रोपं चांगलंच बाळसं धरत होती. कुंड्यांवर ‘पाणी घालू नये’ अशी चिठ्ठीसुद्धा होती!

“कुणीतरी चोरून घालतंय गं,” खिडकीशी उभी राहून ती मानसशास्त्रवाल्या मैत्रिणीवर करवादली.

“माहितेय मला. माणसं बोलण्याच्या नादात नकळत काय करतात, हाच तर माझा प्रकल्प. सांगितलं असतं तर तो बुडाला असता.”

“भवाने! कोण आहे तो मेला?”

मैत्रीण चाचरली. “तूच. रोज आईशी फोनवर बोलताना बाटलीतलं उरलेलं पाणी तिथंच ओततेस. आत्ताही...”

तिने दचकून हातातल्या बाटलीकडे पाहिलं. बाटली रिकामी होती.