मामींच्या नजरेची उंची

“मामा, ही चित्रं खाली लागलीयत.”

“लागलीयत नाही मॅडम, लावलीयत,” खिळेमामा म्हणाले आणि खाली उतरले. खरं तर शिडी लागलीच नव्हती, दोन पायऱ्यांच्या घोडीवर भागलं होतं. त्यावरूनच मॅडमना शंका आली होती.

मॅडम या नव्या कलासंग्रहालयाच्या व्यवस्थापिका. बाई हुशार, कामाला चोख, पण हातातली मोजपट्टी खाली ठेवतील तर शपथ. त्यांनी पट्टी जमिनीला टेकवली आणि चित्राच्या मध्यापर्यंत ओढली. “पावणेचार फूट! मध्य पाच फुटांवर असतो मामा, हे मी तुम्हाला सांगायचं?”

खरंच, मामांना हे सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं होतं. गेली एकतीस वर्षं गावातल्या जुन्या चित्रदालनात प्रत्येक प्रदर्शनाची चित्रं त्यांनीच टांगली होती. सतरा हात कॅनव्हास असो की पोस्टकार्डाएवढं रेखाचित्र, मामांनी खिळा मारला की पाणसळीतला बुडबुडा निमूट मध्यावर येऊन बसायचा. त्यांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. आणि आज त्याच माणसाने चौसष्ट चित्रं सव्वा फूट खाली लावून ठेवली होती. एखाददुसरं नाही, सगळी.

“उद्या उद्घाटन आहे,” मॅडम म्हणाल्या. “माणसांनी काय वाकून बघायचं?”

“आज तीन वाजता आमची ही येतेय, मॅडम. चाकाच्या खुर्चीवरून. तिला मान वर करता येत नाही आता. तिने एकदा बघितली की रात्रभर बसून वर घेतो सगळी, शब्द देतो.”

“तुमच्या मिसेससाठी?” मॅडमना चिडायचं होतं, पण मामांचा चेहरा असा झाला होता की चिडायलाही जमेना. “मामा, ही डॉक्टरांनी आपल्या संग्रहातून दिलेली चित्रं आहेत. ते येतीलच इतक्यात. मी त्यांना काय सांगू?”

मामांनी हातोडी खाली ठेवली. डॉक्टरांना काय सांगायचं हा प्रश्नच नव्हता. बायकोला काय सांगायचं, हा होता.

मामी कपड्यांच्या अल्टरेशनचं काम करायच्या. चित्रं टांगायच्या दिवशी मामांना जेवायला घरी जायला जमायचं नाही, म्हणून त्या डबा घेऊन दालनात यायच्या. मामा जेवत असताना पदराला हात पुसत त्या एकट्याच भिंतीभिंतीने फिरायच्या. कुणाचं नाव ठाऊक नाही, चित्रकलेतलं अक्षर ठाऊक नाही. एखाद्या चित्रापाशी मात्र पाय रोवून उभ्या राहायच्या. बघून मन भरलं की माणसाचा निरोप घ्यावा तसं चित्रालाच म्हणायच्या, “चला.” मग निघायच्या.

दातांचे डॉक्टर तेव्हा नवखे होते. चित्र विकत घ्यायची हौस दांडगी, पण कुठलं घ्यावं कळायचं नाही. गोंधळून त्यांनी एकदा मामांनाच विचारलं होतं, तुम्हाला कुठलं आवडलं? मामा म्हणाले, “मला सगळी सारखी, फरक वजनाचा. पण आमची ही काल त्या कोपऱ्यातल्यापुढे फार वेळ थांबली होती.” डॉक्टरांनी ते घेतलं. पुढच्या प्रदर्शनाला दारातूनच हळू आवाजात विचारलं, “काल बाई कुठे थांबल्या?” आणि मग तो रिवाजच पडला. पुढे त्या चित्रकारांची नावं झाली, डॉक्टरांच्या पारखी नजरेवर मासिकांत लेख आले. डॉक्टर भला माणूस, प्रत्येक लेखानंतर मामांची नजर चुकवायचा.

मामांनी हे घरी कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर मामी स्वतःसाठी चित्रं बघायचं सोडून डॉक्टरांसाठी बघत बसल्या असत्या. निदान स्वतःची समजूत त्यांनी अशी घातली होती. मागच्या वर्षी मामींना झटका आला, उजवी बाजू गेली, मान आखडली. तेव्हापासून हे न सांगणं मामांना चोरीसारखं टोचू लागलं. तिची चित्रं तिने एकदा एकत्र बघावीत, एवढंच त्यांना हवं होतं. बाकी जगाने नंतर मान वर करून बघावं.

डॉक्टर आले. पांढरे केस, हातात काठी. मॅडम तक्रार सांगत होत्या तेव्हा ते भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी चित्रांच्या खोक्यांतलं एक रिकामं खोकं पायाने ओढलं आणि सूट-बूट सांभाळत त्यावर बसले. बराच वेळ बसून राहिले.

“मॅडम, बसा जरा,” ते म्हणाले.

“इथे?”

“बसा तर.”

मॅडम शेजारच्या खोक्यावर टेकल्या. समोरचं मोठं राखाडी चित्र आता भिंतीवर टांगलेलं वाटत नव्हतं, समोर येऊन बसल्यासारखं वाटत होतं. त्यांच्या मांडीवरची मोजपट्टी खटकन आपोआप मिटली.

“लोक माझ्या नजरेचं कौतुक करतात,” डॉक्टर मामांकडे बोट करून म्हणाले. “नजर यांच्या घरातली आहे. ही चित्रं त्या नजरेच्याच उंचीवर राहतील. उद्याही, आणि पुढेही. वर घ्यायची नाहीत.”

तीन वाजता लेकीने चाकाची खुर्ची आत ढकलली. मामी इस्त्रीची साडी नेसल्या होत्या. डावा हात मांडीवर, उजवा नुसता ठेवलेला.

“डबा नाही आणला हो आज,” त्या जड जिभेने म्हणाल्या.

“असू दे गं,” मामा म्हणाले आणि लेकीच्या हातून खुर्ची घेतली.

पहिलं चित्र बसची जुनी तिकिटं दोऱ्याने शिवून केलेलं. मामी थांबल्या. “याला उसवलेली शिवण दाखवायची लाज वाटली नाही. तेव्हाही आवडलं होतं मला.” दुसरा फोटो, पोहण्याच्या कोरड्या तलावाचा. “हाही माहितीय.” राखाडी चित्र. जळक्या कापडाचं. पाचव्यापाशी त्यांनी डाव्या हाताने चाक धरलं, खुर्ची अडली.

“अहो.”

“काय?”

“ही सगळी माझीच कशी हो?”

मामांनी एकदा डॉक्टरांकडे बघितलं. एकतीस वर्षं शिडीवर पाय न लटपटलेल्या माणसाचा आवाज लटपटला. “तू कुठे थांबतेस ते मी यांना सांगायचो. हे ते घ्यायचे. तुला विचारलं नाही कधी. चुकलंच माझं.”

मामींनी धरलेलं चाक सोडलं. मग म्हणाल्या, “आणि मला वाटायचं, मी नुसती उभीच आहे.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण तोंडाचा जो भाग हसू शकत होता तो हसत होता. “ढकला की. अजून किती आहेत?”

एकोणसाठ होती. शेवटच्या भिंतीपर्यंत एकही सोडलं नाही त्यांनी. प्रत्येकापुढे “चला” म्हणूनच पुढे गेल्या.

शेवटच्या भिंतीवर एकच चित्र होतं. पांढऱ्या चौकोनांच्या ओळी, आणि त्यात एक जागा रिकामी. दालनातली पोरं म्हणायची, डॉक्टरांना यात दातच दिसले असणार. पण मामांना आठवत होतं, त्या वर्षी डॉक्टरांची पत्नी गेली होती. चार महिन्यांनी ते आले, आणि काही न विचारता हेच चित्र घेतलं. मामी तर तेव्हा त्याच्यापुढे क्षणभरही थांबल्या नव्हत्या.

“हे माझं नाही,” मामी म्हणाल्या.

“नाही,” डॉक्टर काठीवर भार देऊन म्हणाले. “एवढं एक माझं मी घेतलं. तुम्ही याच्यापुढे थांबला नव्हतात, ते नंतर मामांकडून कळलं मला.”

आयुष्यभर कौतुक झालेला तो माणूस परीक्षेच्या निकालाला उभा राहावा तसा उभा होता. मामांनी खुर्ची वळवायला हात घातला.

“थांबा हो,” मामी म्हणाल्या. “तेव्हा मी घाईत होते.”

त्या बघत राहिल्या. खिडकीतलं ऊन जमिनीवरून सरकत खुर्चीच्या चाकापर्यंत आलं. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पण परत घातला नाही. मॅडम दारात उभ्या होत्या, त्याही आत आल्या नाहीत. मामा खुर्चीच्या मुठी धरून “चला” ऐकायची वाट बघत होते, आणि मामी काही ते म्हणत नव्हत्या.