सहा वेढे इकडे-तिकडे

रुग्णालयाच्या धुलाई विभागातली मोटार मी न मोजता फोडली. हे लिहायला सोपं आहे. तोंडाने म्हणायला मला अकरा दिवस लागले.

आम्ही मोटारी भरतो. म्हणजे जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून टाकायची आणि तिच्या जागी नवी गुंडाळायची. जुनी काढताना प्रत्येक गुंडाळीत किती वेढे होते ते मोजून ठेवायचं, हा धंद्यातला पहिला धडा. वेढे कमी पडले तर मोटार तापून जळते, जास्त झाले तर तिच्यात जोर उरत नाही. हा धडा मी आयुष्यभर लोकांना देत आलो. ही मोटार मात्र मोजली नाही, कारण तिचा आकडा मला पाठ होता. तार कापून झाली, भंगारवाला तांबं घेऊन गेला, आणि संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की आकडा पाठ नाही.

पन्नाशीपर्यंत मला लिहिता येत नव्हतं, तेव्हा सगळे आकडे डोक्यात असायचे. लिहायला शिकलो आणि दुकानाच्या भिंतीवर लिहायला लागलो. डोक्याने ते काम सोडून दिलं. पुढे मुलीने दुकानाला रंग लावला. छान दिसतंय, असं मीही म्हणालो होतो.

मोटार जुनी, बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. तिची जोडीदार मोटार रुग्णालयात चालू होती, पण ती उघडू द्यायला धुलाईच्या मुख्य बाई तयार नव्हत्या. "वीस तारखेला मोटार द्या," त्या म्हणाल्या, "नाहीतर दोन्ही यंत्रं काढून नवी बसवतो. तुमचंही वय झालंय." शेवटचं वाक्य त्या काळजीने म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं.

कुणाला विचारायची सोय नव्हती. आमच्या शहरात एकतीस मोटार भरणारे, त्यातले निम्मे माझ्या हाताखाली शिकलेले. शिवाय आमच्यात एक रीत आहे. कुणी आकडा विचारला तर नाही म्हणायचं नाही. सांगायचा, पण सहा वेढे इकडे किंवा तिकडे करून. ही रीत कुणी पाडली माहीत नाही. पसरवली मी.

त्याच आठवड्यात मुलगी तिच्या ऑफिसातल्या एका मेळाव्याबद्दल सांगत होती. तिथे व्यासपीठ नाही, पाहुणे नाहीत, विषय आधी ठरलेले नाहीत. जो येईल त्याने आपला विषय फळ्यावर लावायचा आणि एका कोपऱ्यात बसायचं. ज्याला ऐकायचं तो त्या कोपऱ्यात जाईल. कंटाळा आला की उठून दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, कुणी राग मानायचा नाही.

मी विचार केला, माणूस विचारल्यावर खोटा आकडा सांगतो, पण बढाई मारताना खरा सांगतो. एकतीस जणांना एका खोलीत मोकळं सोडलं तर कुणीतरी बढाई मारेलच.

"आपणही घेऊ असा मेळावा," मी म्हणालो. "धंद्याच्या भल्यासाठी."

मुलीने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, पण मदत केली. शाळेची एक खोली रविवारसाठी मिळाली. मी दुकानोदुकानी फिरलो.

"अध्यक्ष कोण?" पहिल्याच दुकानात विचारलं.

"कुणी नाही."

"मग भाषण कोण करणार?"

"कुणी नाही."

"मग येऊन करायचं काय?"

"बोलायचं."

"म्हणजे भाषणच की. सगळ्यांनी करायचं, एवढंच."

माझ्या मेहुण्याच्या दुकानात मी गेलो नाही. एकोणीस वर्षं गेलो नव्हतो. तोही मोटारीच भरतो. त्याला एकदा एका वसतिगृहाच्या धुलाई यंत्राची अशीच मोटार आली होती. त्याने मला आकडा विचारला, मी सांगितला, मोटार तिसऱ्या दिवशी जळाली. तो चारचौघांत म्हणाला, आकडा खोटा होता. मी चारचौघांत म्हणालो, त्याचा हात ढिला आहे. तेव्हापासून बायको भावाकडे एकटी जाते.

मुलीने त्याला परस्पर बोलावलं. "मामाला कशाला?" मी म्हणालो. "बाबा, जो येईल तो योग्य माणूस, असा नियम आहे." हा नियम तिने आधी सांगितला नव्हता.

रविवारी एकोणतीस जण आले. खोली पहिलीची निघाली. बाकांची उंची आमच्या नडगीइतकी, त्यामुळे सगळ्यांचे गुडघे कानाशी. अर्धा तास फळा कोरा राहिला. मग एकाने 'वार्निश' अशी चिठ्ठी लावली आणि सगळे एकोणतीस जण वार्निशच्या कोपऱ्यात जाऊन बसले. उठून जायची मुभा होती, पण उठणं बरं दिसत नव्हतं. शेवटी एक जण लघवीला गेला, तेव्हा बाकीच्यांनी संधी साधली. त्यानंतर चिठ्ठ्या भराभर लागल्या. 'गिऱ्हाईक मोटार न्यायला येत नाही.' 'कंबर.' 'मुलगा म्हणतो दुकान विका.' कंबरेच्या कोपऱ्यात बसायला जागा उरली नाही.

मी कोपऱ्याकोपऱ्यातून फिरलो. बढाया भरपूर होत्या, आकडा एकाही बढाईत नव्हता. अखेर मी चिठ्ठी लावली: 'धुलाई यंत्रांच्या जुन्या मोटारी. सर्वसाधारण चर्चा.'

तिघे आले. लांब्या, वार्निशवाला आणि मेहुणा. लांब्या माझ्याचकडे शिकलेला.

"वेढे किती घालता तुम्ही?" मी सर्वसाधारणपणे विचारलं.

"चौसष्ट," लांब्या म्हणाला.

"साठ," वार्निशवाला म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "नाही, सत्तर."

मेहुणा गुडघ्यांच्या मधून माझ्याकडे बघत होता. "दाजी, तुम्हाला तर पाठ होता आकडा."

"चर्चा म्हणून विचारतोय."

"मग तुमचा सांगा की. चर्चा पुढे जाईल."

तो बाकावरून उठायला लागला. "मला कंटाळा आला. नियमाप्रमाणे जातो."

"थांब," मी म्हणालो. "मी मोटार न मोजता फोडली."

"कुणी?" लांब्याने विचारलं.

"मी."

"म्हणजे तुमच्याकडे कामाला असलेल्या कुणीतरी?"

"मी."

कंबरेच्या कोपऱ्यातली माणसं एकेक करून आमच्याकडे सरकली. मग बाकीचीही. मेहुणा परत खाली बसला.

"आकडा मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "दोन मोटारी जाळून शोधलाय. तुम्ही मला बावन्न सांगितला होता. तो बरोबर होता का?"

मला तिथल्या तिथे उलगडलं. बावन्नला जळाली, म्हणजे मी सहा कमी सांगितले होते. अठ्ठावन्न. आता मला कुणाचीच गरज नव्हती. 'आठवत नाही' म्हणून उठता आलं असतं. नियम होता. पण तो उत्तराची वाट बघत होता, आणि मला वाटलं, एकोणीस वर्षं बघतोय.

"नव्हता," मी म्हणालो. "मुद्दाम कमी सांगितला. तुझ्या हाताला काही झालेलं नव्हतं."

मागच्यांनी माना पुढे काढल्या.

"बरं," मेहुणा म्हणाला. त्याने नाक पुसलं. "बासष्ट."

"अठ्ठावन्न नाही?"

"तुमची रीत मलाही माहीत होती, दाजी. बावन्न जळाल्यावर सहा मिळवून पाहिले. तीही जळाली. सहा तुम्ही परक्यांना कमी सांगता. मला दहा कमी सांगितलेत."

लांब्या म्हणाला, "आम्हाला सहाच होते हो," आणि त्याला याचा अभिमान वाटल्यासारखं दिसलं.

सोमवारी सकाळी मी तार गुंडाळायला बसलो, तर मेहुणा दुकानात आला. बोलावलं नव्हतं. स्टूल ओढून माझ्यासमोर बसला.

"तुम्ही गुंडाळा. मोजतो मी. तुमच्या मोजण्यावर माझा भरवसा नाही."

एकूण चोवीस गुंडाळ्या करायच्या होत्या. तो मोठ्याने मोजायचा, बासष्टला थांबायचा, मी तार कापायचो. तिसऱ्या गुंडाळीला मी घाई केली, तर त्याने सगळी सोडवून पुन्हा घालायला लावली. नवव्या गुंडाळीच्या मध्यावर बायको घरातून दुकानात आली. भावाला बघून उंबऱ्यावरच उभी राहिली.

"जेवून जाशील ना रे?" तिने विचारलं.

त्याला मोजणं सोडता येत नव्हतं. "एकेचाळीस," तो म्हणाला. "बेचाळीस."

ती आत गेली आणि त्याचंही ताट मांडलं.