आठ किलोंचं बक्षीस

ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी सकाळी कुत्र्यांना शिकवणाऱ्या अर्सलानचा फोन आला. "भाईसाब, जल्दी आओ. कुत्ता डमी देता नहीं, भाभी उठती नहीं." अल ऐनबाहेरच्या वाळूत विद्युल्लता आडवी होती. बंडू तोंडात डमी, म्हणजे सरावाची कॅनव्हासची पिशवी, धरून तिच्यासमोर बसला होता. तिने हात पुढे केल्याशिवाय पिशवी सोडायची नाही, असं तिनेच शिकवलेलं. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. माझी बायको गेली हे मला आधी कुत्र्याकडे बघून कळलं.

बंडू लॅब्रॅडोर, पण कामाच्या घराण्यातला. सडपातळ, लांब पायांचा. अर्सलान अशा कुत्र्यांना शिकवतो. शिकार इथे कुणी करत नाही, पण फेकलेली पिशवी शोधून आणायची चाचणी असते. जानेवारीत बंडूला ती पास करवायची, एवढी एकच हौस विद्युल्लताला होती.

आमच्या ओळखीचा नीरव दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समध्ये राहतो. त्याचा लॅब्रॅडोर डॉग शोमधला, पिंपासारखा. तो बंडूला बघून म्हणायचा, "काकू, ह्याला जेवायला देत नाही का?"

"देते रे. तुझा सोफ्यावर स्वतः चढतो, की उचलून ठेवतोस?" ती विचारायची.

ती गेल्यावर दहाव्याला कंपाउंडच्या भिंतीवर पान ठेवलं. कावळा येईना. तासाभराने बंडूने उडी मारून पान साफ केलं. माझा मावसभाऊ प्रल्हाद केटरिंगवाला, त्यामुळे धर्मशास्त्रही त्याच्याकडेच. तो हात जोडून म्हणाला, "वहिनींना पोचलं! त्यांचा जीव ह्याच्यातच होता."

झालं. तेव्हापासून विद्युल्लताला जे जे आवडायचं ते बंडूला. श्रीखंड, साजूक तुपातला शिरा, पुरणपोळी. सांत्वनाला येणारा प्रत्येकजण डबा आणायचा, अर्धा मला, अर्धा तिला, म्हणजे बंडूला. नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. खरं सांगायचं तर, तो खायचा तेव्हा मला बरं वाटायचं.

डिसेंबरात मुलगी मिहिका सुट्टीवर आली, तोवर बंडू आठ किलोंनी वाढला होता. "बाबा, बंडू लुक्स लाइक अ सोफा," म्हणाली.

नीरव मात्र हरखला. "काका, आता दिसतो लॅब! ही छाती बघा. शोमध्ये घालूच. यल्ला, चला, फॉर्म मी भरतो." मिहिका म्हणाली, "गो ना, बाबा. ॲट लीस्ट घराबाहेर पडाल."

एसी हॉल, हिरवं कार्पेट, ब्लो ड्राय केलेली कुत्री. एका पूडलचे केस माझ्या लग्नातल्या फेट्यापेक्षा नीट बांधलेले. परीक्षकबाईंनी बंडूचे दात पाहिले, बरगड्या चाचपल्या. त्या सापडल्या नाहीत, म्हणून खूश झाल्या. मग कुत्र्यांनी कान टवकारावेत म्हणून कुणीतरी रिंगमध्ये खेळणं फेकलं. सगळी कुत्री नुसती बघत राहिली. बंडू एकटाच गेला, उचललं, आणून माझ्या हातात दिलं.

"काका!" नीरव बाहेरून दबक्या आवाजात ओरडला. "आणायचं नसतं! बघायचं असतं!"

तरी पहिला नंबर. आठ किलोंनी जिंकलो. नीरवच्या पिंपाला तिसरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फीत घेऊन मी अर्सलानकडे गेलो. त्याने फितीकडे पाहिलंसुद्धा नाही. बंडूला पाहिलं. "या अल्लाह. भाईसाब, वलीमा खिलाया क्या इसको, शादी की दावत?"

त्याने पिशवी ऐंशी पावलांवर फेकली. बंडू धावला. चाळीस पावलांवर थांबला, वाळूत बसला, जीभ बाहेर. मग उठून चालत गेला, पिशवी आणली आणि माझ्या हातात दिली. तोंडाला फेस होता.

"देता तो है," मी म्हणालो.

"देता है. मगर जान भी दे देगा. जनवरी का टेस्ट खलास." बंडूच्या तोंडावरचा फेस पुसत अर्सलान म्हणाला, "भाभी होती तो मेरे को नहीं, आप को मारती."

त्या दिवसापासून घरात श्रीखंड येत नाही. प्रल्हाद रागावला आहे. म्हणतो, मी वहिनींना उपाशी ठेवतो. नीरव रोज फोन करतो. फेब्रुवारीत अबू धाबीला मोठा शो आहे, वजन अजिबात उतरू देऊ नका म्हणतो. मी इन्शाल्ला म्हणतो आणि बंडूला चालायला नेतो.

दोन किलो उतरलं आहे, सहा बाकी आहे. जानेवारीच्या चाचणीतून मी त्याचं नाव काढून घेतलं. विद्युल्लताची चाचणी मात्र मला अजून द्यायची आहे.