राखेतलं दुसरं औषध

चारोटी नाक्यावर ढाब्यांच्या मागे भभूतनाथ महाराजांचा दरबार भरला, की हायवेवरचे ट्रक हॉर्न वाजवायचं विसरायचे. हे मी वाढवून सांगतोय. पण उधवा गावची पुतळी हसली, ते खरं. मुलगा गेल्यापासून ती बाई भिंतीकडे बघत बसून असायची. महाराजांची राख पोटात गेली आणि महिना-दीड महिन्यात ती शेतात उतरली, शेजारणीशी भांडलीसुद्धा. मग काय, जीपा भरभरून माणसं यायला लागली.

महाराजांचं बोलणं मराठीत सुरू होऊन गुजरातीत वळायचं आणि अडचण आली की संस्कृतात घुसायचं. राख म्हणे हिमालयातल्या सातशे वर्षं न विझलेल्या धुनीची. मी मगरीच्या पाठीवर बसून सूर्या नदी ओलांडली असं सांगितलं, तर पोरंटोरंही मगरीचं नाव विचारतात. या माणसाला कुणी काही विचारत नव्हतं.

कारण विचारायलाच बंदी होती. आमच्याकडे जुना रिवाज आहे: झाडपाल्याचं औषध कुणी दिलं ते बोलायचं नाही, बोललं की गुण जातो. महाराजांनी तो रिवाज अलगद उचलला आणि वर आपली भर घातली. नाव घेतलं तर घरातल्या लहानग्यावर उलटेल.

माझा भाचा लाहू रानशेतला राहतो. त्याची बायको नवशी बाळंतपणानंतर कोमेजून गेली. पोरगी रडली तरी उचलेना. मी नसले तर बरं, असं बोलायला लागली, तेव्हा लाहूने तिला डहाणूला सरकारी दवाखान्यात नेलं. वर्षा डॉक्टरांनी उदासीच्या आजारावरची गोळी सुरू केली आणि गुण यायला काही आठवडे लागतील, असं बजावलं. लाहूला तेवढा धीर कुठला? सकाळी डॉक्टरांची गोळी, संध्याकाळी महाराजांची राख. दोन्हीकडून जोर लावू, एवढाच त्याचा हिशेब. मलाही पत्ता लागू दिला नाही.

थोड्या दिवसांत नवशीची जीभ लाकडासारखी कोरडी पडली. हात थरथरायला लागले. भिंतीवर नसलेल्या मुंग्या ती झटकत बसायची. लाहू चारोटीला धावला. महाराज प्रसन्न होऊन म्हणाले, "भूत सामान बांधतंय. राख दुप्पट कर."

राख दुप्पट झाली आणि नवशी निपचित पडली.

दवाखान्यात वर्षा डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला आणि त्यांचा चेहरा उतरला. आणखी काही दिलंय का, असं त्यांनी परत परत विचारलं. लाहू माझ्या कडेवरच्या पोरीकडे बघत गप्प. शेवटी त्यांनी अंदाजाने उपचार सुरू केले आणि रक्त मोठ्या लॅबमध्ये पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत नवशी जगेल की नाही, ते कुणी सांगेना.

रिपोर्ट आला तसं त्यांनी लाहूला समोर बसवलं.

"लाहूभाऊ, हिच्या रक्तात दोन औषधं निघाली. एक माझं. दुसरंही उदासीवरचंच आहे, जुन्या काळातलं, पण ते विषाइतकं चढलंय. कुणी दिलं?"

"नाव नाही घेता यायचं, मॅडम. पोरीवर येईल."

"मग नाव नका घेऊ. नुसतं टेबलावर ठेवा."

लाहूने कमरेची पुडी काढून ठेवली.

तपासणीत राख निघाली गोवऱ्यांची, आणि तिच्यात गोळ्यांचा भुगा. पुतळी हसली ती त्या भुग्याने. मग नवशी का पडली, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, की पोटात गेलेलं औषध आपलं यकृत मोडतं आणि मग ते शरीराबाहेर जातं. कुणाचं यकृत मुळातच सावकाश काम करतं. नवशीच्या बाबतीत त्यांची गोळीच दुसऱ्या औषधाचं मोडणं अडवत होती. रोजची चिमूट आत साठत गेली. "मला कळलं असतं, तर मी ही दोन एकत्र होऊच दिली नसती."

नवशी वाचली. लाहू पोरीला कडेवर घेऊन दरबारात गेला आणि भर गर्दीत त्याने महाराजांचं नाव घेतलं, राखेत काय आहे तेही सांगितलं. सगळे पोरीकडे बघत राहिले. पोरगी त्याची कॉलर चघळत होती. महाराज संस्कृतात घुसले आणि दुसऱ्या दिवशी जीपसकट गुजरातच्या हद्दीपलीकडे गायब झाले.

आता मी खोटं सांगत असतो, तर गर्दीने लाहूला खांद्यावर घेतलं असं सांगितलं असतं. प्रत्यक्षात लोक त्यालाच शिव्या देत घरी गेले. आमचा गुण घालवलास म्हणे.

राख बंद झाली आणि पुतळी पुन्हा भिंतीकडे बघायला लागली. मी तिला डहाणूला घेऊन गेलो. तिने वर्षा डॉक्टरांना एवढंच विचारलं, "मी बरी झाले होते, ते खोटं होतं?"

"नाही पुतळीताई, ते खरं होतं. पण औषध किती द्यायचं, ते त्याला माहीत नव्हतं आणि तुम्हाला त्याने कळू दिलं नाही."

तिचं औषध आता रीतसर सुरू आहे. रक्त तपासतात, हृदय तपासतात.

बाबांनो, गुण आला तरी विचारा: काय दिलंत, किती दिलंत? आणि डॉक्टर विचारतील तेव्हा राख, पाला, ताडी, सगळं सांगून टाका. त्या जीपा भरून आलेली बाकीची माणसं अजून गप्प आहेत. त्यांच्या घरात कोण निपचित पडलंय, ते मला ठाऊक नाही.