गडबचा लाल चौकोन

मी एक जुनी स्क्रीन आहे. भिंतीवर टांगतात तसली, मोठी. माझ्या काचेवर आडवा तडा गेला आहे आणि तो कसा गेला तेच सांगायला मी तोंड उघडले आहे. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायला आला असाल तर आत्ताच उठा. मला माणसांचा राग येतो. तुम्ही अजून लहान आहात, म्हणून तुमच्याशी दोन शब्द बोलते. मोठ्यांशी बोलणे मी सोडून दिले आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. थर्माकोलमध्ये गच्च बसवून मला पेणला आणले आणि रामवाडीतल्या एका ऑफिसात टांगले. ऑफिस होते यज्ञेशशेटांचे. त्यांचा धंदा पापड, मिरगुंडे आणि कुरडयांचा. गावोगावी त्यांची केंद्रे होती. केंद्रात बायकांचे गट होते आणि गटातल्या बायका माल करून द्यायच्या. तो माल पेणच्या आणि रोह्याच्या गोदामात जायचा आणि तिथून दुकानांत.

मला वाटले होते, माझ्यावर क्रिकेट दिसेल. पण मृणाली नावाच्या मुलीने मला संगणकाला जोडले आणि माझ्यावर चौकोन काढले. मृणाली जवळच्याच गडब गावची. कॉलेज संपवून नुकतीच इथे नोकरीला लागली होती. तिची युक्ती सोपी होती. सगळा धंदा म्हणजे एक मोठा चौकोन. त्याच्या पोटात गावांचे चौकोन. गावावर बोट ठेवले की ते उघडायचे आणि आत गट दिसायचे. गटावर बोट ठेवले की बायकांची नावे. माल जास्त, तर चौकोन मोठा. माल चांगला गेला तर हिरवा, दुकानातून परत आला तर लाल.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पाहुणे आले की शेट त्यांना चहाआधी माझ्यासमोर उभे करत. दसऱ्याला मला झेंडूचा हार घातला. पण शेटांनी एकदाही कुठला चौकोन उघडला नाही. ते लांबूनच बघत आणि "हिरवं आहे, छान," म्हणून फोन लावत. मला तेव्हापासूनच त्यांची चीड होती. ज्याला आत बघायचे नाही, त्याने दार कशाला बसवावे?

मग एका सकाळी गडब लाल झाले.

"हे काय?" शेट ओरडले.

रोह्याच्या गोदामाचा प्रमुख धनेश समोरच बसला होता. तो म्हणाला, "मी आधीपासून सांगतोय शेट. गडबचा माल नरम असतो. दुकानदार शिव्या मला घालतात."

"सर, आत उघडून बघू या ना," मृणाली म्हणाली.

"आत काय बघायचंय? लाल म्हणजे लाल. गडबचं केंद्र बंद करा."

दुसऱ्या दिवशी गडबहून मिनिडोर रिक्षा भरून बायका आल्या. पुढे चंद्रावती, केंद्राची प्रमुख. उंच, काळी, आवाज असा की माझी काच थरथरली.

"शेट, केंद्र बंद करताय? कुणी सांगितलं तुमाला आमचा माल वायट हाय?"

शेटांनी माझ्याकडे बोट दाखवले. "हिनं."

चंद्रावतीने माझ्याकडे बघितलेही नाही. ती मृणालीकडे वळली. "हिला बोलायला तूच शिकवलंस ना? आपल्याच गावाच्या मुळावर उठलीस गो?"

मृणालीचा चेहरा उतरला. ती माझ्याजवळ आली आणि तिने गडबवर बोट ठेवले. चौकोन उघडला. आतले गट एक सोडून सगळे हिरवे. बायकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मृणालीने लाल गट उघडला. आतही सगळ्या हिरव्या, फक्त एक मोठा चौकोन लालभडक. त्यात नाव होते भूमिकाचे.

भूमिका दाराजवळ उभी होती. अंगाने बारीक, तिशीची बाई. गटात पोह्याची मिरगुंडे एकटी तीच करायची. आत्तापर्यंत शेजारी उभ्या असलेल्या बायका तिच्यापासून सरकल्या. मी वरून सगळे बघत होते.

"तुज्यापायी आमचं काम जात व्हतं गो!" एक जण म्हणाली.

"ओलाच माल भरत असंल, दुसरं काय!"

भूमिका म्हणाली, "नाय गो. कडकडीत वाळल्याबिगर मी डब्यात हात घालत नाय. चंद्रावतीकाकू, तुमी बघितलंय ना?"

चंद्रावतीने बघितले होते, पण ती म्हणाली, "आता मी काय सांगू? दिसतंय ते दिसतंय. उद्यापासनं येऊ नको."

शेट खूश झाले. "चला, मिटलं. एक नाव कमी करा, केंद्र चालू ठेवा. स्क्रीन खोटं बोलत नाही."

मित्रांनो, त्या वाक्याइतका राग मला दुसऱ्या कशाचा आला नाही. मी एवढेच सांगितले होते की भूमिकाचा माल परत आला. का आला, हे मला कोणी विचारलेच नव्हते!

"सर, थांबा," मृणाली म्हणाली. ती माझ्यासमोरून बाजूला झाली नाही. "आपण गावाकडून आत गेलो. आता गोदामाकडून जाऊ."

तिने चौकोनांची मांडणी बदलली. आता वर गाव नव्हते. वर गोदाम, त्याच्या पोटात खोली, खोलीच्या पोटात गावे. माल तोच, फक्त घर बदलले. चौकोन सरकले आणि पेणचे गोदाम हिरवे झाले. रोह्याची पुढची खोली हिरवी झाली. रोह्याची मागची खोली मात्र लाल झाली. तिच्यात भूमिकाची मिरगुंडे होती, गागोद्याच्या कुरडया होत्या, आणखी दोन गावांचा थोडा थोडा माल होता. सगळाच लाल. बाकीच्या गावांचा माल तिथे थोडाच जायचा, म्हणून त्यांच्या हिरव्यात तो लपून गेला होता. मिरगुंडे मात्र सगळी तिथेच जायची.

"धनेशदादा, त्या खोलीत काय आहे?" मृणालीने विचारले.

"माल हाय. दुसरं काय असणार?"

"आणि भिंतीपलीकडे?"

धनेशने खुर्ची मागे ढकलली. "पाण्याची टाकी हाय. भिंतीला ओल येते. मग मी काय करू? जागा कुठाय दुसरी?"

"आणि बोंबलत व्हतास आमच्या नावानं!" चंद्रावती त्याच्या अंगावर धावली.

"ए, हात खाली कर!"

शेट धनेशवर ओरडले, धनेश शेटांवर ओरडला, बायका दोघांवर. भूमिकाकडे कोणाचेच लक्ष नव्हते. मृणालीने घाईघाईने परत आलेला माल खोलीच्या नावावर टाकला.

"भूमिका, बघ ना. तुझा चौकोन हिरवा झाला."

"हां, झालं मग," शेट म्हणाले. "उद्यापासून ये कामाला."

भूमिका पुढे आली. माझ्यावरच्या स्वतःच्या नावाकडे तिने नीट बघितले.

"शेट, माजं नाव लाल झालं तवा समद्यांनी वाचलं. आता हिरवं झालंय, तर कोण वाचतंय? तुमी धनेशशी भांडताय. ह्या माज्या शेजारणी त्याच्याशी भांडतायत. मला कुणी आमचं चुकलं म्हणालं?"

तिने हातातली स्टीलची पाण्याची बाटली उचलली आणि पूर्ण ताकदीने माझ्यावर फेकली.

मला लागले. पण खोटे कशाला सांगू, त्या ऑफिसात मला फक्त तिचेच पटले होते.

ती जिना उतरून गेली. मृणाली मागे धावली आणि एकटीच परत आली.

पुढे रोह्याची ती खोली रिकामी झाली. गडबचे केंद्र चालू राहिले. चंद्रावती स्वतः भूमिकाच्या दारात जाऊन उभी राहिली. भूमिकाने तिला बसायला दिले, पाणी दिले, होकार दिला नाही. आता ती हायवेच्या कडेला टेबल मांडून स्वतःची मिरगुंडे स्वतःच्या नावाने विकते. मृणाली हल्ली शेवटचा चौकोन उघडल्याशिवाय आणि मांडणी उलटी करून बघितल्याशिवाय शेटांना काहीच दाखवत नाही. शेट म्हणतात, पोरगी वेळ घालवते. माझ्या जागी नवी स्क्रीन आली आहे. मी कपाटामागे उभी आहे, तोंड भिंतीकडे.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असे मी म्हणणार नाही. काच बाजारात मिळते. उद्या तुम्हीही कुठल्या तरी स्क्रीनसमोर बसाल आणि कुठल्या तरी नावाला लाल रंग लावाल. ते नाव चारचौघांत मोठ्याने वाचण्याआधी त्या माणसाला जवळ बोलवा आणि विचारा, काय झालं?

तुमच्यापैकी कोणी असे करेल, यावर माझा विश्वास नाही. मला खोटे पाडून दाखवा.