चार बोटं

माझ्या सासऱ्यांच्या हाताने नारपोलीत जितक्या गाड्या थांबवल्या, तितक्या चौकातल्या शिट्टीनेही थांबवल्या नसतील. तुळशीराम त्यांचं नाव. टेमघरची शेती गेल्यावर त्यांनी पिकअप घेतली आणि सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमधून कापड विणणाऱ्या लूमवर बीम पोचवायचं काम धरलं. बीम म्हणजे सूत गुंडाळलेला लोखंडी रूळ, दिसायला लोडासारखा आणि उचलायला चार हमाल लागणारा. त्याचं वजन कुणी विचारत नाही, सगळे नग मोजतात. पण एक बीम बारीक सुताचा आणि दुसरा जाड्या सुताचा असला, तर दोन्हींच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून बाबांनी स्वतःचा नियम काढला होता. माल भरला की मागचं चाक आणि हौदा यांच्या मधल्या फटीत हात उभा घालायचा, अंगठा वर, बोटं एकावर एक. चारही बोटं सुटी गेली तर गाडी निघणार. अडकली तर बीम उतरणार, मग मालक कितीही ओरडो.

हा काही अंगठाछाप अंदाज नव्हता. गाडी नवी असताना त्यांनी ती वजनकाट्यावर नेली होती. कंपनीने सांगितलं तितकंच वजन भरलं आणि फट मोजली. तेव्हा चार बोटं भरली होती.

पुढे गुडघे बोलायला लागले, तशी त्यांनी गाडी धनेशकडे दिली. धनेश म्हणजे माझा नवरा. हात मात्र बाबांनी स्वतःकडेच ठेवला. रोज सकाळी चहा पिऊन सायझिंगच्या फाटकावर जायचं, हात घालायचा, "जा" म्हणायचं आणि घरी येऊन पेपर वाचायचा. दुसरे ड्रायव्हरसुद्धा त्यांना हाक मारायचे. मालक जास्त माल लादायला लागला की ड्रायव्हर म्हणायचा, तुळशीकाकांना विचारा. काकांचा हात अडकला की मालकाचं तोंड बंद. मला त्या हाताचा अभिमान होता. आमच्याकडे देवाच्या खालोखाल त्याचाच मान.

धनेश स्वभावाने वाईट नाही, घाईचा आहे. दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत झालं तर त्याला लढाई जिंकल्यासारखं वाटतं. त्यात त्याचा मित्र केसरीनाथ. त्याचीही पिकअप आहे. त्याने धनेशच्या कानात मंत्र फुंकला, की कमानीत दोन पाटे वाढव, गाडी मागून बसतच नाही. गाडीखाली लोखंडी पट्ट्यांची जी चळत असते ती कमान, आणि त्यातली एकेक पट्टी म्हणजे पाटा. धनेशने गुपचूप पाटे वाढवले. घरात कुणाला पत्ता नाही.

मला ते आधी डोळ्यांनी कळलं. रिकामी गाडी दारात उभी असली की तिचं बूड वर दिसायचं, चिडलेल्या मांजरीसारखं. मी विचारलं तर म्हणाला, "टायरमध्ये हवा जास्त झालीय." मी काय त्यातली पंडित? गप्प बसले.

मग एके दुपारी कामतघरला बहिणीकडे गेले होते, तिथून त्याच्याच गाडीत बसले. मागे बीम रचलेले होते. सकाळी बाबांनी हात घालून "जा" म्हटलं होतं, त्यामुळे मी निर्धास्त होते. पुलाच्या चढावर इंजिन रडत होतं. उतार लागला आणि धनेश बोलायचा थांबला. त्याने ब्रेक दाबला. पाय खाली गेला, गाडी तशीच चालली. त्याने पुन्हा दाबला. स्टिअरिंग त्याच्या हातात नुसतं हलत होतं, पुढची चाकं रस्त्याला धरतच नव्हती. समोर उताराच्या तळाशी रिक्षांची रांग होती आणि एक बाई लेकराला कडेवर घेऊन रस्ता ओलांडत होती. धनेशने गिअर पाडला, गाडी कण्हली आणि त्या बाईच्या पदराला वारा लागेल इतक्या जवळून गेली. बाईने आम्हाला सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या. गाडीत ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास भरला होता.

"हे काय होतं?" मी विचारलं.

"काही नाही. उतारावर होतं असं."

"बाबांनी हात घातला होता ना?"

त्याने गिअर बदलला. त्याच्या कपाळावरचा घाम मी पुसला नाही. माझं डोकं तेव्हाच ठिकाणावर आलं. गाडी बसतच नाही म्हटल्यावर हात अडकणार कुठून? बाबा रोज सकाळी ज्या फटीत हात घालत होते, ती फटच खोटी झाली होती. वजन तेवढंच होतं, किंबहुना जास्तच. फक्त ते सांगणारी जागा धनेशने बंद केली होती. ब्रेक जुने, टायर जुने, अ‍ॅक्सल जुना. नवे फक्त पाटे.

तो जेवून बाहेर गेल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. नवऱ्याची चहाडी सासऱ्याकडे करू नये म्हणतात. म्हणोत बापडे. मला पांढरं कपाळ घेऊन संस्कारी व्हायचं नव्हतं.

बाबांना आधी पटेना. "हात गेलता गो, उन्नती. मी सोता घातलता."

"म्हणूनच म्हणते, खाली वाकून बघा."

धनेश मित्राच्या स्कूटरवर गेला होता, गाडी दारातच होती. बाबा गुडघ्यावर हात टेकत वाकले. मी मोबाइलचा उजेड धरला. गंजलेल्या पाट्यांच्या मध्ये दोन पाटे काळेभोर, ताज्या रंगाचे होते. नव्यांपैकी एकावर बारीक, केसासारखी रेघ होती. बाबांनी तिच्यावरून नख फिरवलं आणि नख अडकलं. ते हात पुसून उठले, दोनदा धोतराला पुसला तरी पुसतच राहिले. मला वाटलं रागावतील, धनेश आल्यावर घर डोक्यावर घेतील. तसं काही झालं नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

धनेश परत आल्यावर ते इतकंच म्हणाले, "पाटे कार. चिरलाय एक."

"बाबा, केसरीच्या गाडीला वर्षभर आहेत. काय झालं त्याला?"

"कार बोल्लू ना."

"काढतो, रविवारी काढतो. उद्या मुदस्सिरशेठचा माल आहे." पालथ्या घड्यावर पाणी.

बाबा माझ्याकडे वळले. "उद्या तू पन चल फाटकावं."

सकाळी आम्ही गेलो तेव्हा गाडी भरून होत आली होती. मुदस्सिरशेठ स्वतः हजर होते. त्यांच्या वडिलांपासून आमचा घरोबा आहे, ईदचा शीरखुर्मा आमच्याकडे येतो. माणूस चांगला, पण पुलापल्याड, हायवेपलीकडच्या गाळ्यात त्यांचे लूम बीमवाचून उभे होते आणि लूम उभा राहिला की चांगल्या माणसाचाही जीव कासावीस होतो. सगळे बीम जाड्या सुताचे होते. दोन अजून ओट्यावर पडले होते.

"या काका, घाला हात," मुदस्सिरशेठ म्हणाले. "तुमच्या हाताशिवाय गाडी हलत नाय आमची."

बाबांनी उजवा हात घातला. चारही बोटं सुटी गेली.

"गेला!" हमाल ओरडले.

"तीन बीम उतरवा," बाबा म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. धनेश केबिनमधून खाली उतरला. "बाबा, बोटं गेली ना? नियम तुमचाच आहे."

"नियम माझा हाय. कमान माझी न्हाय."

धनेशचा चेहरा उतरला. पण दहा माणसांसमोर बापाने पाणउतारा केला की मुलगा शहाणा होत नाही, हट्टाला पेटतो. "हात गेला म्हणजे गाडी पास," तो म्हणाला. "आजवर सगळ्या नारपोलीला तुम्ही हेच शिकवलंत. आज माझ्याच गाडीला का वेगळं?"

एक हमाल हसत म्हणाला, "चाचा, हाथ तो आराम से जा रहा है." त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नव्हता. दिसत होतं तेच तो बोलला. बाबांनी इतकी वर्षं सगळ्यांना फटीकडे बघायला शिकवलं होतं आणि सगळे फटीकडेच बघत होते.

मुदस्सिरशेठ मध्ये पडले. "काका, आजच्या दिस जाऊ द्या. उद्यापासून तुमी म्हनाल तसा."

बाबांनी धनेशकडे बघितलं. मग पुन्हा वाकून हात फटीत घातला आणि तिथेच ठेवला.

"बरा," ते म्हणाले. "हात हितंच हाय. ते दोन बीमपन चरवा. माझा हात नाय अरकला, तर मी पन याच्या बाजूला बसून पुलावरशी जातू. आन अरकला, तर गारी हलायची न्हाय."

"बाबा, काढा हात," मी म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर ती केसासारखी रेघ होती. "बाबा, तुम्ही बघितलंय काल."

"तू गप ऱ्हा."

हे शब्द त्यांनी मला लग्नानंतर पहिल्यांदा ऐकवले. मी धनेशचा दंड धरला. "सांग त्यांना. पाटा चिरलाय, तू नाही म्हण. एकदा नाही म्हण."

तो नाही म्हणाला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. त्याचे ओठ हललेसुद्धा. पण हमाल बघत होते, शेठ बघत होते. "चढवा," तो म्हणाला.

फळीवरून पहिला बीम वर गेला. हौदा करकरला. बाबांनी फटीतली बोटं हलवून दाखवली, सुटी होती. कुणीतरी टाळी वाजवली. धनेशच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं, आणि मला त्या क्षणी त्याचा इतका राग आला की आजही पुरता गेलेला नाही.

दुसरा बीम फळीच्या टोकाला आला तेव्हा हमालांची पकड जरा सुटली. बीम वरून हौद्यात आदळला. गाडीखालून फटाका फुटावा तसा आवाज आला आणि उजवी बाजू एकदम खाली बसली.

बाबा ओरडले नाहीत. ते वाकलेलेच राहिले, गाडीला कान लावून ऐकत असल्यासारखे. वरून लोखंड होतं, खालून रबर.

पुढचं सगळं आरडाओरड्यात झालं. हमालांनी बीम जमिनीवर ढकलले, सूत मातीत लोळलं, मुदस्सिरशेठ स्वतः जॅक लावायला आडवे झाले. आणि धनेश, दोन्ही हातांनी हौदा धरून वर उचलत होता. एकटा माणूस ती गाडी उचलू शकत नाही हे त्याला कळत नव्हतं. "बाबा, बाबा, बाबा," एवढंच तो म्हणत होता.

तर्जनी आणि मधलं बोट गेलं. डॉक्टरांनी बाकीची दोन वाचवली.

दवाखान्यात धनेश बाहेर बसून होता, आत यायची त्याला हिंमत नव्हती. मी बाबांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"पाटा तुटंल, ता म्हाईत व्हता," ते म्हणाले. "कवा तुटंल, ता नव्हता म्हाईत. पुलावं तुटला असता मंजे?" मग डोळे मिटून म्हणाले, "त्याला आत बोलव गो. भायेर कनाला बसलाय?"

पाटे निघाले. ब्रेक, टायर, सगळं नवं झालं. गाडी पुन्हा सायझिंगच्या फाटकावर लागली त्या दिवशी बाबा हट्टाने आले. हातावर अजून पट्टी होती. बीम चढले. कुणी हाक मारली नाही, सगळे नजर चुकवत होते. बाबा आपणहून चाकापाशी गेले आणि सवयीने उजवा हात पुढे केला. उरलेली दोन बोटं फटीत गेली, वर भरपूर जागा राहिली.

त्यांनी हात बाहेर काढून पालथा-उलथा करून बघितला. "माझ्या हातान आता कंची पन गारी पास व्हईल," ते म्हणाले. "तुझा घाल."

धनेश वाकला. त्याने स्वतःचा हात घातला. तीन बोटं गेली, चौथं अडकलं. तो वर चढला आणि पहिला बीम त्याने स्वतः सोडवायला घेतला. मुदस्सिरशेठ दोरी धरायला पुढे झाले.

तेवढ्यात समोरच्या गल्लीतून केसरीनाथची पिकअप आली. वरपर्यंत बीम, तरी बूड उंच. बाबा लगबगीने रस्त्याच्या कडेला गेले आणि त्याला थांबवायला हात वर केला, तोच, पट्टीचा. केसरीनाथला वाटलं काका बरे झाले, आपल्याला रामराम करतायत. त्याने हसून दोनदा हॉर्न वाजवला आणि गाडी पुलाकडे वळवली.

धनेश हौद्यावरून उडी मारून त्याच्या मागे धावला. चपला तिथेच पडल्या. मी बाबांचा हात धरून उभी राहिले आणि आम्ही दोघं पुलाकडून आवाज येतो का ते ऐकत होतो.