ओव्हरलुक

धुलाईखान्याच्या व्यवस्थापकानं तो कागद टेबलावरून पुढे सरकवला, तेव्हा मुकादमीणबाईंनी तो लगेच ओळखला. अक्षर त्यांचंच होतं.

चार दिवसांपूर्वी इस्त्रीच्या रोलरमध्ये एका पोरीची तीन बोटं भाजली. बोटं आत जाऊ नयेत म्हणून लावलेली रोलरपुढची जाळी तुटलेली आहे, हे झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. तरी बाईंचा जबाब हवा, आणि तोही इंग्रजीत, कारण वरच्या ऑफिसला म्हणे दुसरी भाषा पचत नाही. बाई इंग्रजी शिकल्या होत्या मुलीच्या पुस्तकातून, कणीक मळता मळता. ओव्हर म्हणजे वर, लुक म्हणजे बघणं. मग मशीनवर देखरेख ठेवणं म्हणजे ओव्हरलुक करणं, दुसरं काय असणार? लिहून मोकळ्या झाल्या: दिवसभर मी रोलर ओव्हरलुक केला.

"ओव्हरलुक म्हणजे दुर्लक्ष," व्यवस्थापक म्हणाला. "तुम्ही स्वतःच कबूल केलंय, बाई. उद्यापासून येऊ नका."

"मला काय म्हणायचं होतं, ते तुम्हाला कळत नाही?"

"मला कळून काय उपयोग? लिहिलंय ते लिहिलंय."

कळत होतं, मेल्याला चांगलं कळत होतं. जाळीचं खापर फोडायला एक डोकं हवं होतं, ते आयतं चालून आलं. नोकरी गेली तर दुसरीकडे राबता येईल. पण पोरीची बोटं आपल्यामुळे भाजली, असं कायमचं कागदावर राहणार, हे बाईंना सहन होईना.

त्या उठल्या. रोलरशेजारी टांगलेली रोजची वही काढून आणली आणि त्याच्यापुढे आपटली.

"वाचा."

सात महिने रोज संध्याकाळी तीच ओळ, बाईंच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत: रोलर ओव्हरलुक केला, जाळी तुटलेली आहे. आणि प्रत्येक ओळीखाली व्यवस्थापकाची झोकदार सही.

त्यानं चार पानं उलटली. वही मिटली.

"अहो, हे मी रोज कुठे वाचत बसतो? नुसती सही करतो."

बाईंनी वही उचलून काखेत मारली.

"म्हणजे तुम्ही ओव्हरलुक केलंत," त्या म्हणाल्या. "आता हेच वरच्या ऑफिसात जाऊन सांगते. त्यांच्या भाषेत."